पार्किन्सन्सच्या शुभार्थींची चाल मोजायची आहे : वस्तू द्या, वेळ द्या

डॉक्टरांसमोर शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्स असलेली माणसं, झकास चालून दाखवतात. रुंद कॉरिडॉर, सगळं लक्ष पावलांवर. घरी मात्र मोरीच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. ‘दिवसातून किती वेळा? गोळीनंतर किती वेळानं?’ असं विचारलं की घरचे अंदाजे सांगतात आणि गोळीच्या वेळा त्या अंदाजावर ठरतात. म्हणून आपला स्वमदत गट अंगावर बांधायच्या सेन्सरनं चाल मोजायला सुरुवात करतो आहे. आकडे प्रत्येकाच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जातील. गोळ्यांचा निर्णय त्यांचाच.

एका माणसाला तीन सेन्सर लागतात : एक कमरेमागे मणक्यावर, दोन घोट्यांच्या वर. ते सेकंदाला १०० नोंदी घेतात. साध्या चालीची हालचाल ०.५ ते ३ हर्ट्झमध्ये (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) असते; पाय अडून थरथरला की ३ ते ८ हर्ट्झचा जोर वाढतो. पण काहींचा पाय थरथरत नाही, नुसता थिजतो, आणि यंत्राला वाटतं माणूस निवांत उभा आहे. त्यामुळे सोबत व्हिडिओ हवाच. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर सेन्सरवर तीन टिचक्या मारायच्या, म्हणजे दोन्ही नोंदींच्या वेळा जुळवता येतात.

चाचणी साधी आहे. खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. मग सरळ १० मीटर, आणि तेच पुन्हा १०० मधून सात-सात वजा करत. लक्ष विभागलं की लपलेला दोष बाहेर येतो. हे सगळं दोनदा : नेहमीच्या गोळीच्या थोडं आधी आणि नंतर तासाभरानं. चाचणीसाठी गोळी लांबवायची नाही.

गडबड होते ती बांधण्यात. पट्टा सैल असला की सेन्सर स्वतःच हलतो. साडीच्या निऱ्यांवर बांधला तर निऱ्यांचीच चाल मोजली जाते. तो आत, अंगालगत हवा. आणि डावा-उजवा बदलला तर सगळंच वाया, कारण या आजारात बहुधा एक बाजू जास्त धरलेली असते. डाव्या पट्ट्यावर लाल फीत असेल.

आम्हाला हवं आहे ते असं. ९ सेन्सर, दिवसभराची कच्ची नोंद आत साठवणारे. फिटनेस बँड कृपया देऊ नका. ते बहुतेक वेळा पावलांचा नुसता आकडा दाखवतात आणि हळू, घासटत टाकलेली पावलं त्यांच्याकडून सुटतात. ५ सेंटिमीटर रुंदीचे २४ वेल्क्रो पट्टे (धुऊन धुऊन इलॅस्टिक सैल पडतं, म्हणून जास्त). कॅमेरा चालू असलेले २ जुने फोन, २ ट्रायपॉड. महिन्यातून दोन शनिवारी सकाळी १४ मीटर लांब, न घसरणारी मोकळी जागा. मधले १० मीटर मोजायचे, दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर वेग घेण्या-सोडण्याचे.

८ स्वयंसेवकही हवेत. त्यांनी शुभार्थीच्या कमजोर बाजूला अर्धं पाऊल मागे राहून चालायचं. तोल गेला तर सावरायचं, एरवी हात धरायचा नाही. धरला की चाल बदलते.

रोख घेत नाही. सेन्सरसाठी धनादेश चालेल, पावती लगेच मिळेल. हातांची, बिनचाकाची, पक्की लाकडी खुर्ची कुणाकडे पडून असेल तर तीही द्या. प्लास्टिकची नको, उठताना मागे सरकते.