कोष्टकात भाव कोणत्या रात्रीचा तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पानावर म्युच्युअल फंडांचं जे कोष्टक येतं ना, एक वर्ष, तीन वर्ष, पाच वर्षांच्या रिटर्नवालं, ते आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या सकाळच्या पोहे-जलेबी मंडळीत पेन्सिलीने खुणा करकरून वाचलं जातं म्हणून लिहितोय. त्यात देशी फंड आणि अमेरिकेत पैसा लावणारे फंड एकाच तारखेखाली, एकाच रांगेत बसवलेत. तारीख एक असली तरी भाव एका वेळचे नसतात हो.

आपला बाजार दुपारी साडेतीनला बंद. न्यूयॉर्कचा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ७ ला उघडतो नि रात्री दीडला बंद होतो, म्हणजे आमच्या सराफा बाजारातले रात्रीचे चाटवाले कढया उतरवायला लागले की तिकडे घंटा वाजते. आता बुधवारची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, काढताना एखादी योजना त्या रात्रीचा भाव येईपर्यंत थांबते (फंड ऑफ फंड्सना, म्हणजे दुसऱ्या फंडांत पैसा लावणाऱ्यांना, पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी १० पर्यंत मुभा आहेच), आणि दुसरी मंगळवार रात्रीचाच भाव धरून मोकळी होते. कोण काय करतं ते योजनेच्या कागदात असतं, पण तो कागद वाचतो कोण.

एरवी फरक चिमूटभर. पण ९ एप्रिल २०२५ आठवा. ट्रंप साहेबांनी टॅरिफ (आयात कर) ९० दिवस पुढे ढकलला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले होते, आणि नॅसडॅक-१००, म्हणजे तिकडच्या शंभर मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स, एकाच रात्रीत १२ टक्के वर गेला. १० ला महावीर जयंतीची सुट्टी, म्हणजे अ‍ॅपवर ९ चाच आकडा बसून राहिला. माझ्या मेव्हण्यांकडे दोन वेगवेगळ्या फंड हाऊसच्या नॅसडॅकच्या योजना, इंडेक्स तोच, आणि एक दुसरीपेक्षा १२ टक्के मागे दिसतेय! म्हणाले ही कंपनी झोपलीये, विकून टाकतो. बटण दाबायच्या आधी मला फोन केला हे नशीब. म्हटलं भाऊसाहेब, ती झोपली नाहीये, कालचं ताट वाढतेय, चार दिवस दम धरा. ११ ची एनएव्ही लागली आणि फरक दोन टक्क्यांच्या आसपास उरला. विकून बसले असते तर टॅक्स वेगळा, आणि परत आत शिरायला मिळालंच असतं असं नाही, कारण सगळ्या फंड हाऊसेसना मिळून परदेशासाठी ७ अब्ज डॉलरचीच मर्यादा आहे आणि त्यापायी बऱ्याच योजना २०२२ पासून अधूनमधून नवे पैसे घेणं बंद करतात.

हे उलटं पण होतं. मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्या फंडात भारतीय शेअर आहेत. तिकडे दुपारी ४ ला एनएव्ही काढतात तेव्हा आपले भाव दहा तासांचे शिळे, म्हणून फंडवाले अंदाजाने दुरुस्ती करतात, इंडेक्स मात्र आपल्या साडेतीनच्याच भावावर. मग फंड एक दिवस इंडेक्सच्या पुढे नाहीतर मागे दिसतो, दुसऱ्या दिवशी बरोबर. ती दुरुस्ती उगाच नाही. शिळ्या भावात घुसून दुसऱ्यांच्या खिशातून कमावणारे होतेच, २००३ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल स्पिट्झर यांनी कॅनरी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला धरलं आणि त्यांना ४ कोटी डॉलर मोजावे लागले.

मी घरी काय करतो तर आदल्या रात्रीचा भाव धरणाऱ्या योजनेची तारीख दोन्ही टोकांना एक दिवस पुढची घेतो, मग ताळा जमतो. किंवा सरळ पाच वर्षांचा रिटर्न बघतो, तिथे ते १२ टक्के वाटले जाऊन वर्षाला सव्वादोनच्या आसपास राहतात. एक वर्षाच्या कॉलमात मात्र पूर्णच्या पूर्ण बारा.

तर एवढंच करा, परदेशी योजना वेगळ्या खान्यात घ्या आणि ज्या आदल्या रात्रीचा भाव धरतात त्यांच्यापुढे फुली मारा. आणि फुली जरा मोठी छापा, आमच्यातले निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात.

आपला एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर