हमरापूरच्या पॅकिंगवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही म्हणाला होतात की माझं नाव कुठे टाकू नकोस, मी काय मोठं केलंय, म्हणून नाव नाही टाकत. पण माझं बाहुलीघर पॅक करून दिलंत त्याचे आभार मानल्याशिवाय मला राहवणार नाही. फोनवर मी थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता, त्यामुळे आज सगळं लिहूनच काढते. माझ्यासारखं घरी बसून छोट्या वस्तू बनवून विकणाऱ्यांपैकी कोणाच्या उपयोगी पडलं तर तेही बरंच होईल.

आधी थोडं सांगते म्हणजे बाकीच्यांना कळेल. मी पनवेलला राहते आणि डॉलहाऊस बनवते, बाहुलीघरं, एकास बारा मापाची, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट माझ्याकडे एक इंच होतो. मागच्या वर्षी मेलबर्नहून एका ताईंची ऑर्डर आली. त्यांच्या आईचं गुहागरकडचं माहेरचं घर आता राहिलेलं नाही, त्याचे ७-८ जुने फोटो होते, त्यावरून ते घर करून हवं होतं. जांभ्याच्या भिंती, पडवी, ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा, माजघर, देवघर, मागे गोठा, पुढे अंगण आणि तुळशीवृंदावन. आणि वर मंगलोरी कौलं, एकेक सव्वा इंचाचं, क्लेचं, हाताने केलेलं, अशी ९४०. साडेपाच महिने लागले मला.

घर बनवणं मला येतं हो, पण ते पाठवणं मला येत नव्हतं हे मला आधीच्या एका ऑर्डरमध्ये कळून चुकलं होतं. ते घर देशातल्या देशातच जायचं होतं, मी तीन थर बबल रॅप गुंडाळला, चारी बाजूंना फ्रॅजाईलचे लाल स्टिकर लावले, आणि तिकडे खोकं उघडलं तेव्हा आतून कौलांचा चुरा सांडला. व्हिडिओ बघून मी रात्रभर रडले, पैसे परत केले ते वेगळंच. त्यामुळे हे मेलबर्नचं घर पूर्ण झालं तरी तीन आठवडे टेबलावरच पडून होतं, हात लावायची हिंमत होत नव्हती. एअर कुरिअरचा भाव काढला तर तेही डोक्याबाहेर, कारण ते लोक नुसतं खरं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, असंही वजन काढतात आणि दोन्हींत जे जास्त ते धरतात. खोकं ८५ बाय ७५ बाय ८० झालं तर १०२ किलोचे पैसे, आणि काट्यावर भरतंय ३१ किलो.

मग मामाच्या शेजाऱ्यांनी तुमचं सांगितलं, की पेणजवळ हमरापूरला एक काका आहेत, तीस वर्षं परदेशी जाणारे गणपती पॅक करतात, त्यांना विचार. पेणचे, हमरापूरचे गणपती जगभर जातात हे माहीत होतं, पण ते जातात कसे, बाप्पाची बोटं, मोदक, मुकुटाचं टोक हे सगळं समुद्रातून अख्खं पोचतं कसं, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

तुम्ही रविवारी सकाळी आलात, चहासुद्धा नंतर म्हणालात, आणि आधी मी केलेलं पॅकिंग सगळं सोडलंत. खरं सांगते, त्या वेळी मला वाईट वाटलं होतं. दोन दिवस खपून केलं होतं मी ते. मार्केटमधून सफरचंदाची जाड खोकी आणली होती, मामाकडून सुका पेंढा आणला होता, कारण लहानपणापासून बघितलंय की गणपती, माठ, काचेच्या बरण्या, सगळं पेंढ्यात भरतात. तुम्ही पेंढा मुठीत धरून म्हणालात, "पोरी, हे मुंबईपर्यंत चाललं असतं. ऑस्ट्रेलियाला हे आणि ती खोकी, दोन्ही बंद." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवलात, कंटेनरसोबत द्यायचं पॅकिंग डिक्लेरेशन, त्यात खरंच पेंढा, गवत आणि फळा-भाजीची वापरलेली खोकी हे सगळं चालत नाही म्हणून लिहिलेलं होतं. शेतीला लागणारी कीड-रोग येऊ नयेत म्हणून तिकडे हे फार कडक असतं. मी ते तसंच पाठवलं असतं तर काय झालं असतं याचा आजही विचार करवत नाही.

मग तुम्ही अंगणाकडे बघितलंत आणि बोट टेकवून विचारलंत, "ही माती खरी आहे का?"

काका, तो क्षण मी विसरणार नाही. कारण ती खरीच होती. त्या ताईंच्या आईंनी मुद्दाम सांगितलं होतं की अंगणाला आमच्या गावची माती लाव, त्यांच्या चुलतभावाने डबीभर लाल माती मला पाठवली होती, मी ती वस्त्रगाळ करून फेविकॉलवर पसरून अंगण केलं होतं. तुम्ही हळूच म्हणालात की माती तिकडे अजिबात जात नाही, लोकांना बुटाला लागलेली मातीसुद्धा घासून धुवून जावं लागतं. मी आधी विचारलं मग गणपती कसे जातात, तर ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या तुमच्या कंटेनरमधले सगळे प्लॅस्टरचे होते. वृंदावनातली तुळस पण मी खऱ्या सुकलेल्या मंजिऱ्यांची केली होती आणि गोठ्यावर खरा पेंढा शाकारला होता, म्हणजे तेही गेलं. मी खालीच बसले. तुम्ही काही समजूत वगैरे काढली नाहीत, फक्त पटाशी मागितलीत आणि माझ्यासोबत बसून अंगण खरवडायला लागलात, अर्धा इंच अर्धा इंच करत, खालचा प्लाय न दुखवता, आणि खरवडलेली सगळी माती एका कागदावर गोळा करून परत डबीत भरून माझ्या हातात दिलीत. म्हणालात फेकू नकोस, कोणाच्या तरी माहेरची आहे. मग मी त्याच मातीचा रंग बघून रंग कालवला, बारीक सॅन्डपेपरवर तीन हात दिले. गोठ्याला नायलॉन ब्रशचे केस लावले, तुळस कागदाची केली. त्यात आठवडा गेला. तुम्ही तोवर गणपतींच्या त्याच कंटेनरमध्ये माझा कोपरा राखून ठेवलात, शेठशी आणि सीएचएशी, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटशी, स्वतः बोललात.

पुढच्या रविवारी खरं पॅकिंग झालं आणि त्या एका दिवसात मी जे शिकले ते मला कुठे शिकायला मिळालं नसतं. तुमचं एकच म्हणणं होतं, हललं ते मोडलं. मी आत्तापर्यंत बाहेरून बसणाऱ्या धक्क्याला घाबरत होते आणि तुम्ही आत काय हलतंय ते शोधत होतात. झोपाळा, पाट, जातं, देव्हारा, समया, सगळ्या ६३ वस्तू बाहेर काढायला लावल्यात, प्रत्येकीला टिश्यू पेपर, मग फोम, मग नंबर, आणि कुठल्या खोलीत कुठे ठेवायची त्याचा फोटो. काही वस्तू मी ग्लू गनने चिकटवल्या होत्या त्या तुम्ही नखाने उचलून दाखवल्यात, की उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये हा गम मऊ पडतो, मग ती वस्तू आतल्या आत फिरून दुसऱ्या दहा वस्तू फोडते. खोल्यांमध्ये मी वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरले होते, त्याची शाई माजघराच्या पांढऱ्या भिंतीला लागलीच होती, वर ठासल्याने पातळ भिंत बाहेर ढकलली जात होती तेही तुम्ही फूटपट्टी लावून दाखवलंत. त्याऐवजी प्रत्येक खोलीत मापाने कापलेला पांढरा ईपीई फोमचा ठोकळा, बोटाने ढकलला की सरकेल एवढाच घट्ट. थर्माकोल का नको तर तो एकदा दबला की दबला, फोम परत फुगतो. आणि बबल रॅप रंगाला थेट लावायचा नाही, आधी टिश्यू, नाहीतर रंगावर गोल गोल ठसे उठतात. हे मला माझ्या आधीच्या दोन घरांवर दिसले होते आणि मी समजत होते रंगच खराब आला.

छपराला तर तुम्ही खरंच जीव लावलात. मला वाटलं होतं वरून जाड फोम ठेवला की झालं. तुम्ही म्हणालात, वरून आडवा फोम ठेवला तर सगळा भार आढ्यावर येणार आणि आढं दबलं की दोन्ही पाखी उघडणार. मग दोन्ही बाजूंच्या उताराला बसेल असा तिरका फोम कापलात, उताराला उतार, आणि आढ्यावर बोटभर जागा मोकळी ठेवलीत. त्या मापासाठी तुम्ही पाच वेळा फोम कापलात, मी मोजलं.

मग आतलं खोकं, त्याच्या बाहेर चारी बाजूंनी, वर आणि खाली दोन-दोन इंच फोम, आणि त्याबाहेर प्लायची पेटी. पेटीच्या खालच्या लाकडी पायांना ठसा मारून आणलेलं लाकूड वापरलंत, गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयएन म्हणजे भारत आणि एचटी म्हणजे तापवलेलं. तेव्हाच कळलं मला की परदेशी जाणारं पॅकिंगचं कच्चं लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते, आणि प्लाय मुळात दाबून-तापवून बनतो म्हणून त्याला हा ठसा लागत नाही. खिळा एकही नाही मारलात. कस्टमवाल्यांनी उघडलं तर पुन्हा हातोडी पडायला नको, म्हणून सगळे स्क्रू, आणि कुठली बाजू उघडायची ते इंग्रजीत लिहून शेजारी आतल्या घराचा फोटो प्लॅस्टिकमध्ये चिकटवलात, म्हणजे उघडणाऱ्याला आत काय आहे हे आधीच कळावं.

संध्याकाळी साडेसहाला सगळं झालं, २४ स्क्रू बसले, मी चहा टाकला. आणि तुम्ही आणि तुमच्या पुतण्याने पेटी दोन्हीकडून धरून एका बाजूला कलती केलीत, मग दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही प्लायला कान लावून ऐकत होतात. मला काहीच ऐकू येत नव्हतं. तुम्ही पंखा बंद करायला लावलात. परत कलती केलीत. आणि मग मलाही ऐकू आलं, एकदम बारीक, टिक. एवढंच.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं जाऊ दे. तुम्ही चहा बाजूला ठेवलात आणि २४ च्या २४ स्क्रू परत काढलेत. वरचा फोम, तिरका फोम, सगळं बाहेर. झोपाळा काढला होता पण त्याची वरची पितळी कडी तुळईलाच होती, ती मी पक्की बसवली होती, आणि ती कलंडली की खांबाला टेकत होती. तांदळाच्या दाण्याएवढी कडी. महिनाभर बोटीवर ती तशी टकटक करत राहिली असती तर खांबाचा रंग तर गेलाच असता, खांबही सैल झाला असता. तुम्ही तिला दोऱ्याने तुळईशी बांधलीत, मध्ये टिश्यूची घडी घातलीत, सगळं परत लावलंत, परत कान लावलात. तेव्हा साडेआठ वाजले होते, पुतण्याची शेवटची एसटी गेली होती, तुम्ही दोघं ट्रकवाल्याला हात करून घरी गेलात. आणि पैसे विचारले तर प्लाय, फोम आणि स्क्रूचा हिशोब कागदावर लिहून दिलात, मजुरीच्या जागी काहीच नाही. मी भांडले तर म्हणालात, तू साडेपाच महिने बसलीस, त्यात माझे दोन रविवार.

न्हावा शेवाहून कंटेनर निघाला त्या दिवशी तुम्ही गणपतींच्या ओळीशेजारी उभ्या असलेल्या आपल्या पेटीचा फोटो पाठवलात, तो माझ्या फोनवर अजून पहिलाच आहे.

काका, पेटी पोचली. तिकडे एकदा उघडून तपासली होती, बाजू उघडून परत त्याच भोकांत स्क्रू नीट बसवले होते, तुम्ही म्हणाला होतात अगदी तसं. ताईंनी व्हिडिओ कॉल लावून एकेक नंबर बघत वस्तू ठेवल्या, आणि ९४० पैकी एकही कौल गेलेलं नाही, एकही. आई खुर्चीत बसून बघत होत्या. घर लागल्यावर त्यांनी कोणाला काही न विचारता झोपाळ्याला बोटाने झोका दिला आणि बराच वेळ तो बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या अंगण अगदी तसंच आहे गं. मी त्यांना खरं सांगितलं, की माती नाही, रंग आहे, माती माझ्याकडे डबीत आहे. त्या म्हणाल्या ठेव, डिसेंबरमध्ये मी येणार आहे, तेव्हा घेऊन गुहागरला जाऊ. त्यांना तुम्हालाही भेटायचंय, मी हो सांगून टाकलंय तुमच्या वतीने, रागावू नका.

नवीन घराचे वासे आणि रिपा चालू झाल्यात, नागपूरला जायचंय ते. या वेळी झोपाळ्याच्या कड्या स्क्रूच्या केल्यात, पूर्ण निघतात. छप्पर लागायच्या आत एकदा येऊन बघून जा, आणि तुमची ती पिवळी मोजपट्टी माझ्याकडेच राहिलीये, काकूंसाठी पुरणपोळ्या केल्या की त्यासोबत आणून देते.

तुमची,
पनवेलची पोरगी