सूचना : नवा डबा लपवण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या जिओकॅशिंगसाठी (जीपीएसच्या मदतीने डबे लपवण्या-शोधण्याच्या खेळासाठी) तळ्याकाठच्या पायवाटेवर आता मोकळी जागा जवळजवळ उरलेली नाही. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवं, ही किमान अट आहे. दर १६१ मीटरला डबा ठेवलाच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. मल्टीचे (टप्प्याटप्प्याने शोधायच्या डब्याचे) वस्तू ठेवलेले मधले टप्पे आणि मिस्टरीचा (कोडं सोडवल्यावर जागा कळते त्याचा) शेवटचा डबाही या अंतरात धरले जातात; त्यांच्या जागा नकाशावर दिसत नाहीत, त्यामुळे नव्या सभासदांचे प्रस्ताव परत येतात.

आकडा वाढवायला ओळीने डबे ठेवणं सोपं, पण पावसाळ्यानंतर भिजलेले लॉग (शोधणाऱ्यांनी सही करायचे कागद) बदलायला कोण जातं? अमेरिकेत नेवाडातल्या ‘ईटी हायवे’ या रस्त्यावर असे ओळीने हजाराहून अधिक डबे होते. रस्त्याकडेला सतत थांबणाऱ्या गाड्यांमुळे वाहतूक खात्याने आक्षेप घेतला आणि २०११ मध्ये ती मालिका बंद करावी लागली. (पुढे ती परत मांडली गेली, ते असो.) आपल्याकडे बागेचे कर्मचारी अजून सांभाळून घेतात, हे नशीबच.

तेव्हा नवीन डबा ठेवण्याआधी गटात कळवा. ज्यांना आपले जुने डबे सांभाळणं जमत नाही, त्यांनी त्या डब्याची संकेतस्थळावरची नोंद बंद करावी आणि डबाही जागेवरून उचलून आणावा.

— संयोजक