कंदीलपुष्पाच्या वेलींसाठी आराखडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तेव्हा चर्चा मुख्यतः तिथल्या सेरोपेजिया अंजनेरिका या ताठ वाढणाऱ्या कंदीलपुष्पाची झाली, आणि ते योग्यच होते. मात्र कंदीलपुष्पाच्याच, झुडपांच्या आधाराने चढणाऱ्या वेलींकडे आपले लक्ष कमीच जाते. कंदीलपुष्पाच्या नळीत खालच्या दिशेने वळलेले बारीक केस असतात. आत शिरलेले चिलट त्यांत अडकते आणि केस सुकल्यावर पराग घेऊन बाहेर पडते. एवढ्या खटाटोपानंतर धरलेल्या जोडशेंगा तडकण्याआधीच गवत कापले गेले, तर बी पडत नाही; आणि चविष्ट कंद उकरले गेले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे वेल उरत नाही.

रोपे लावून फोटो काढणे म्हणजे संवर्धन नव्हे. वेलींची दरवर्षी मोजदाद, बी पडेपर्यंत गवतकापणीला विराम, त्याच डोंगरातल्या मोजक्या बियांपासून रोपे आणि लावलेल्या रोपांची पुढची काही वर्षे नोंद, एवढे तरी आराखड्यात असावे. नेमक्या जागा मात्र जाहीर करू नयेत. हौशी मंडळी फुलासाठी वेलच उपटतात, हे मी स्वतः पाहिले आहे. सिंहस्थाच्या रस्तेकामांआधीच वनविभागाने ही पाहणी हाती घ्यावी.

– एक वाचक, नाशिक