कार्यकर्ता शिकतो, विश्वस्तांचे काय?

संपादक महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की स्वयंसेवी संस्थांच्या व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांच्या जाहिराती दिसू लागतात. कार्यकर्त्याला शिकवून तयार करणे पुण्याला नवे नाही; नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजात सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अडचण आहे ती आज वर्गात कोण बसतो याची.

वर्गात येतो पगारी समन्वयक. चेकवर सही असते अध्यक्षांची आणि खजिनदारांची. तो शिकून परततो आणि ‘आपल्याकडे असं कधी केलेलं नाही’ एवढ्या एका वाक्यावर सगळे शिक्षण फाइलीत जाते. म्हणून प्रवेश व्यक्तीला नव्हे, संस्थेला द्यावा: एक कर्मचारी आणि एक विश्वस्त मिळून एक जागा. विश्वस्त सगळ्या तासांना येणार नाहीत, हे उघड आहे. एका क्रेडिटचे (अभ्यासक्रमातल्या श्रेयांकाचे) १५ तास, म्हणजे तीन-तीन तासांचे पाच शनिवार, एवढे तरी त्यांनी द्यावेत.

त्यात पहिला मान चेंज रिपोर्टचा. विश्वस्त बदलले की या अर्जाने ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे हे कलम २२. प्रत्यक्षात सभेची नोटीस फोनवर दिलेली, इतिवृत्तावरच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन गोळा केलेल्या, राजीनामा तोंडी आणि नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र घ्यायचे राहूनच गेलेले. अर्ज लटकतो. मग परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि देणगी देऊ पाहणारी कंपनी उतारा बघून प्रस्ताव बाजूला ठेवते. ‘नेतृत्वशैलीचे प्रकार’ शिकून यातले काही सुटत नाही. प्रत्येक जोडीने आपली इतिवृत्ताची वही आणि उतारा वर्गात आणून नावे ताडून पाहावीत. दोन तास पुरतात.

दुसरा विषय अंदाजपत्रकाचा. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्केच’ असे संस्था स्वतःच धरून चालतात. नियमातली ही मर्यादा कंपनीने स्वतःचे सीएसआरचे काम सांभाळण्यावर केलेल्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. (परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने आली, ती मात्र खरोखर संस्थेवरच आहे. दोन्हींची गल्लत नेहमीची.) या धास्तीने हिशेबनिसाचा पगार आणि ऑफिसचे भाडे प्रस्तावातून आधीच गाळले जाते आणि तूट शेवटी जुन्या देणग्यांतून भरली जाते. हिशेबनिसाला महिना २४ हजार मिळत असतील आणि त्याचा एक तृतीयांश वेळ प्रकल्पाला जात असेल, तर वर्षाचे ९६ हजार प्रकल्पाचेच आहेत. ते तसे लिहावेत. पण कोणत्या कामाला किती वेळ गेला याची दर महिन्याची टाइमशीट हवी. ती नसली की तपासणीत पहिला हाच आकडा उडतो. भाडे माणसांच्या प्रमाणात वाटावे: १५ पैकी ६ जण प्रकल्पावर असतील, तर ४० टक्के.

प्राप्तिकराची कलमे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. २०२५ च्या नव्या कायद्यात संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीचे १२अ, ८०जी हे क्रमांकच राहिलेले नाहीत. कोणता फॉर्म कधी भरायचा, त्यावर सही कोणाची आणि कोणाचा डीएससी (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) कधी संपतो, याचा एक तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लागला तरी पुष्कळ झाले.

वर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवावेत. मार्चमध्ये खर्च संपवण्याची घाई असते आणि एप्रिलपासून संस्था ऑडिटमध्ये बुडतात. तीन तासांचा पेपर नकोच. विश्वस्त मंडळाने ठराव करून मंजूर केलेले अंदाजपत्रक आणि प्रलंबित बदल असल्यास चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच, एवढे जमा करायला सांगावे. प्रमाणपत्र दोघांच्या नावे असावे. पोच येईपर्यंत निकाल राखून ठेवावा.

संस्थांच्या हिशेबात काम करणारे काही वाचक,
सदाशिव पेठ, पुणे