रात्री दोनची कूस

फलटण
कार्तिक पौर्णिमा

चि. सौ. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस तेव्हा मला काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो. तुझ्या सासऱ्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आपल्या आजीचं तंतोतंत हेच झालं होतं.

आधी कामाचं सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मी घड्याळाला गजर लावायचो. अंगाखाली घडी केलेली चादर ठेव आणि ती धरून वळव. माणूस ओढायचा नाही, कातडी सोलते. पोटऱ्यांखाली उशी दे म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाडापाशी रोज बघ. लाल दिसलं आणि बोटाने दाबूनही लाली हटली नाही, तर त्या बाजूवर निजवू नकोस आणि तिथे चोळूही नकोस. भरवताना नीट बसवून भरव. आजीला पाण्याचा ठसका लागायचा, नाचणीची दाट पेज मात्र जायची. जेवण झालं की अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

आता तुझा प्रश्न. ‘अण्णा, एवढं करते, पण त्यांना कळतं तरी का?’

बाळ, तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री दोनला उठलो, तर सगळं अंथरूण खराब. तासाभरापूर्वीच बदललं होतं. मी आजीवर ओरडलो. काय बोललो ते लिहवत नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि चांगला होता तो डावा हात हळूहळू लुगड्याकडे नेला, गुडघ्यावरून खाली ओढायला. जिच्या डोक्यावरचा पदर मी जन्मात कधी ढळलेला पाहिला नव्हता, ती आई मला, पोटच्या पोराला, आपलं अंग पुसू देत होती. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला होता? आणि मी तिच्याकडून शाबासकीची वाट बघत होतो.

पुंडलिकाची वीट आपल्याला आठवते. पण तोच पुंडलिक आधी आईबापांना छळायचा, हेही त्याच कथेत आहे. त्या रात्रीपासून मला ती कथा माझी वाटते. देव दारात आला तेव्हा पुंडलिकाचे हात रिकामे नव्हते, एवढंच. मी वारी चुकली म्हणून कुढत होतो, तेही तिथेच थांबलं.

पुढच्या आषाढीला माउलींची पालखी गावात आली. खिडकीतून टाळ ऐकू येत होते आणि मी आजीचे पाय पुसत होतो. तिचा डावा हात गादीवर ठेका धरायला लागला. आणि वर्षभर ज्या तोंडातून ‘पाणी’ एवढा शब्द निघाला नव्हता, त्यातून चालीवर आलं, ‘ग्यानबा... तुकाराम.’ तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शिल्लक राहतं. असेलही. माझ्या हातात ओलं फडकं होतं आणि मी तिच्या पायांवर डोकं टेकलं. पंढरपुरात इतक्या वेळा गेलो, पण असं दर्शन मला झालं नव्हतं.

तर सासरे तोंड फिरवतात म्हणालीस ना, तो राग नाही, ती लाज आहे. सुनेने धुवावं, पुसावं, हे त्यांना किती जड जात असेल! म्हणून ते काम सचिनरावांना करू दे. त्यांना जमत नाही असं तू म्हणशील. मलाही जमत नव्हतं. बायकांचं काम म्हणून तू एकटीने ओढत बसलीस, तर तू मोडशील आणि त्यांच्या हातून वडिलांची सेवा निसटेल. हे पत्र त्यांनाही वाचायला दे. तू पेज भरव, सासऱ्यांशी बोलत राहा. त्यांना कोणतं भजन आवडायचं ते सासूबाईंना विचार आणि म्हण.

माझी दोन जुनी धोतरं तुझ्या आईने धुऊन, फाडून ठेवली आहेत. नव्या कापडापेक्षा मऊ लागतात. रविवारी मी स्वतः घेऊन येतो. ती रात्र मी जागतो, तू झोप.

तुझे
अण्णा