गाडी किती उचलायची, हे सर्वांत शेवटी ठरवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळी भटकंतीसाठी गाडी उंच करून घेण्याची, म्हणजे तिला ‘लिफ्ट’ बसवण्याची, हौस नाशिकमध्ये आता चांगलीच रुळली आहे. थार, जिप्सी किंवा जिम्नी घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या मालकाला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती इंची टाकायची?’ तो जरा घुटमळला की ‘दोन इंची टाका, सगळे तीच टाकतात’ हे उत्तरही तेथेच मिळते. माझा आक्षेप या क्रमाला आहे. गाडी कोठे घासते, तिच्यावर कायमचे ओझे किती असते आणि तिचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून धक्के झेलणारी रचना, कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरण्याआधी इंचांचा आकडा काढणे म्हणजे पायाचे माप न देता चप्पल शिवायला टाकणे होय.

त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, सुरगाणा या बाजूंना भातखाचरांमधून जाणाऱ्या वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पावसात खोल होत जातात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये मातीचा कणा उभा राहतो. गाडी अडकते ती या कण्यावर. सध्याच्या थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळे हलू देणारे, असल्यामुळे तिचे पुढचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेचक्रांची पेटी) चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेले असते आणि लिफ्टबरोबर तेही वर जाते. मागचा एक्सल मात्र अखंड, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र जोडणारा, आहे, आणि अखंड एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, स्प्रिंगा कितीही लांब घातल्या तरी, जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. त्यामुळे हौसेने उचललेली थार पुढून सुटते आणि मागून बसते. जिप्सी आणि जिम्नी यांचे तर दोन्ही एक्सल अखंड. तो गोळा वर नेण्याचा व्यवहारातला मार्ग म्हणजे मोठे टायर, आणि तेथेही टायरचा व्यास 50 मिलिमीटरने वाढला तर पदरात पडतात 25. लिफ्टचा खरा उपयोग निराळा आहे. चढाच्या तोंडाशी टेकणारा बंपर आणि उंचवट्यावर घासणारे गाडीचे पोट तिने वाचते, शिवाय मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. बॉडी आणि चॅसिसच्या मध्ये ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट यातले शेवटचे काम तेवढे करते, कारण चॅसिस होती तेथेच राहते.

कंपनीच्या आकड्यांप्रमाणे थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर आणि जिम्नीचा 210 मिलिमीटर आहे. थार 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. अंजनेरीच्या पायथ्याला किंवा वैतरणेच्या काठाने सुट्टीच्या दिवशी फिरणाऱ्याला याहून जास्त उंचीची गरज क्वचितच पडते. त्याला गरज असते ती चांगल्या ऑल-टेरेन टायरांची, पोटाखाली मजबूत पत्र्याची, आणि चिखलाच्या वाटेला लागण्यापूर्वी टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवून डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरून घेण्याच्या सवयीची. हवा उतरवायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तिची जाहिरातही कोणी करत नाही.

एवढे करूनही लिफ्ट हवीच असेल तर निवड ओझ्यावरून करावी. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरियर आणि मागे दोन जादा कॅन असे वजन कायम वाहणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंगा लागतात. त्याच स्प्रिंगा रिकाम्या गाडीला घातल्या तर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी गाडीच उसळते, आणि ऊबडखाबड वाटेवर जमिनीला टेकलेले चाकच गाडीला पुढे नेते. स्प्रिंग लांब आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनाच, ही काटकसर तर सर्वांत महागात पडते, कारण चाक खाली लटकताना शॉक पूर्ण ताणला जाऊन प्रत्येक धक्का त्याच्या माउंटिंगवर बसतो. जिप्सीच्या पाट्यांखाली लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की शॅकल जेवढे वाढते त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल, बदलल्याने स्टीअरिंगची वागणूक बदलते ती वेगळीच. थकलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेणे हा जुन्या मिस्त्रींचा उपाय कित्येकदा पुरेसा ठरतो.

थारच्या बाबतीत सर्वाधिक खपणारी वस्तू म्हणजे लेथवर कातलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. पुढच्या शॉकच्या डोक्यावर तो बसवला की तासाभरात गाडी उंच दिसू लागते, आणि चाक धरणाऱ्या आर्मच्या तरफेमुळे चाकाजवळची वाढ ठोकळ्याच्या जाडीपेक्षा जास्त भरते, हेही मालकाला कोणी सांगत नाही. अशी एक गाडी मी गॅरेजच्या होइस्टवर चढवलेली जवळून पाहिली. एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (वाकूनही चाकाला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट घडीच्या जागी चिरला होता, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे कडे उमटले होते आणि त्या ग्रीसमध्ये लाल माती मिसळून पॉलिश पेपरसारखी खरखरीत झाली होती. चाक पूर्ण खाली लटकले की जॉइंट मूळ रचनेपेक्षा अधिक वाकतो, त्याचा हा परिणाम. उंची थोडी अधिक हवी असेल तर वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, ब्रेकच्या होजची लांबी तपासावी लागते, मागचा एक्सल पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला चॅसिसशी आडवे बांधणाऱ्या दांड्यामुळे) एका बाजूला सरकला असेल तर तो रॉड समायोज्य घ्यावा लागतो, आणि चाकांचे अलाइनमेंट तर सक्तीचेच. हा सगळा खर्च धरून किटची किंमत सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे.

कसारा घाट किंवा पेठ रस्त्यावरचा सावळघाट उतरताना या उंचीची दुसरी बाजू कळते. दोन चाकांमधले अंतर 1500 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 700 मिलिमीटरवर असे उदाहरणादाखल धरले, तर अंतराच्या निम्म्याला उंचीने भागून येणारे स्थैर्याचे गुणोत्तर (ते जितके कमी तितकी गाडी उलटणे सोपे) 1.07 येते, तोच मध्य 50 मिलिमीटर वर गेला की ते 1 वर उतरते. गाडी घसरू लागली की तिला सावरणारी ईएसपी प्रणाली मूळ उंचीला जुळवलेली असते, वाढीव उंचीला नव्हे. हेडलाइटचे गणित तर कोणी मांडतच नाही. 2450 मिलिमीटर व्हीलबेसच्या थारचा फक्त पुढचा भाग 50 मिलिमीटर उचलला, तर दिव्यांचा झोत सुमारे दोन टक्क्यांनी वर जातो. डिपर साधारण एक टक्का खाली रोखलेला असतो, म्हणजे तो समोरून घाट चढणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.

कायद्याची बाजूही गॅरेजमध्ये सांगितली जात नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात ते स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. हे वाचून जो लिफ्टचा विचार सोडून देईल त्याला मी शहाणाच म्हणेन.

तरीही मागणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या शहरात थार तयार होते त्या शहरातल्या ग्राहकाला लेथवरच्या ठोकळ्यावर भिस्त ठेवावी लागू नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घेतलेले, माफक उंचीचे आणि शॉक-स्प्रिंग एकमेकांना जुळलेले किट निर्मात्यांनीच वितरकांमार्फत द्यावे, कोणता बदल चालतो आणि कोणता नाही याची मराठीतील यादी प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दर्शनी भागात लावावी, आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर स्प्रिंग किती ओझ्यासाठी आहे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर कामाआधी व कामानंतर किती भरले, हे लिहून अलाइनमेंटचा छापील कागद त्याला जोडावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक